आधी कान, मग अक्षर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नारायणगावहून आमच्या खोडदला पहिल्यांदा येणारा माणूस निम्म्या वाटेतच मान वर करून बघायला लागतो. कांद्याच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या उभ्या दिसतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३०. त्यातल्या १४ मध्यभागी, जवळजवळ. बाकीच्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकात उभी राहिलेली ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. नाव दुर्बीण असलं तरी तिचं काम बघण्याचं नाही, ऐकण्याचं. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ती टिपते. त्यासाठी आसपास गोंगाट नको, म्हणून डोंगरांच्या आडोशाची ही जागा निवडली गेली. आत जाताना मोबाइल बंद करायला लावतात तेही त्याचसाठी.

मागच्या दिवाळीत माझी नात आईबरोबर खोडदला आली. साडेचार वर्षांची आहे. पुण्यात राहते. दर खेपेला ती या तबकड्यांवरून मला भंडावून सोडते. नाना, ही फिरते कशी? पाऊस आला की पाणी साठतं का? पक्षी घरटं बांधतात का? या खेपेला तिला मोटारसायकलवर पुढं बसवून घेऊन गेलो, तर ती नुसती बघत राहिली. घरी आल्यावर आजीलाही काही सांगितलं नाही. रात्री गोष्टीचा हट्ट नाही. दोन दिवस मी बघत होतो. तिसऱ्या दिवशी लेकीला विचारलं.

लेक म्हणाली, "अब्बा, जूनपासून तिला चिनी भाषेचा क्लास लावलाय. मँडरिन. तिच्या पप्पांच्या कंपनीत चिनी लोकांशी काम पडतं. ते म्हणतात, आत्ता लहानपणी शिकली तर पुढं जन्माचं काम होईल." आठवड्यातले सहा दिवस, चाळीस चाळीस मिनिटं, मोबाइलच्या पडद्यावर. वीस मुलं. बाईंनी विचारल्याशिवाय प्रत्येकाचा माईक बंद. रोज पाच नवे शब्द, त्यांची कार्डं आणि शनिवारी अक्षरं गिरवायची. शाळेत इंग्रजी आहे, घरी आमची दखनी आहे, अंगणात खेळताना मराठी आहे. "जास्त होतंय का हो तिला?" लेकीनं विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती, आणि थोडी अपराधाची भावनाही.

मला मँडरिन येत नाही. मी कविता लिहिणारा माणूस. पण 'चार भाषा मुलाला झेपतात का' हा प्रश्न काही माझ्या जावयाच्या कंपनीपासून सुरू झालेला नाही. आमच्या या जुन्नर तालुक्यात तो दोन हजार वर्षं जुना आहे. म्हणून लेकीला लगेच उत्तर दिलं नाही. आधी थोडं मागं जाऊन बघितलं. तेच आज तुमच्यापुढं मांडतो आहे.

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत तीन यवनांची नावं सापडतात : इरिल, चिट आणि चंद. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून व्यापार चालायचा, त्या वाटेनं आलेली ही परकी माणसं. कुणी पाण्याची टाकी खोदून दिली, कुणी भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. पण त्यांचे लेख आहेत इथल्या प्राकृतात, ब्राह्मी लिपीत. म्हणजे ज्या भाषेतून पुढं आपली मराठी घडली, तिच्या घरची ती भाषा. परक्या माणसानं इथं घर केलं, इथल्या लोकांत मिसळला, आणि इथल्या भाषेत आपलं नाव कोरून गेला.

चीनही आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला तेव्हा इथं दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथली माणसं स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. हा गृहस्थ मोठेपणी भारतात येऊन संस्कृत शिकला आणि त्या भाषेतल्या ग्रंथांची चिनी भाषांतरं करण्यात त्यानं उरलेलं आयुष्य घातलं.

त्याहून जवळची गोष्ट कागदाची. पेशवाईत जुन्नरी कागद नावाजलेला होता. तो बनवणारे कागदी लोक मुसलमान होते. कागदाची विद्या मूळची चीनची. तिथून ती समरकंदला आली, तिथून बगदादला, आणि हळूहळू हिंदुस्थानात उतरली. ज्या जुन्नरी कागदावर मोडी लिपीतली मराठी लिहिली जायची, त्याच्या लगद्यात चीनची विद्या होती आणि तो लगदा घोटणारे हात मुसलमानांचे होते. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि चहा? तो शब्दच चिनी आहे. आपण चुलीवर चहाचं आधण ठेवतो तेव्हा चिनी शब्दच उच्चारतो. लिचीही तिकडचीच. म्हणजे आमच्या नातीला क्लास लावायच्या आधीपासून दोन चिनी शब्द येत होते. त्यांचं ओझं तिला कधी झालं नाही. कारण चहा हा शब्द तिला कुणी कार्डावर दाखवला नव्हता. तो कपबशीबरोबर आला, आजीच्या हाताबरोबर आला.

आता चिनी शिकलेल्या मराठी माणसांकडं येऊ. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट होते. 'विमुत्तिमग्ग' नावाचा जुना बौद्ध ग्रंथ चिनी भाषांतरात टिकून राहिला आहे. बापटांनी त्या चिनी भाषांतराची पाली 'विसुद्धिमग्गा'शी तुलना करणारा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध केला. वसंत परांजपे चाळीसच्या दशकात शिष्यवृत्ती घेऊन पेकिंगला शिकायला गेले. १९५४ साली पंडित नेहरू चीनला गेले, तेव्हा माओंशी झालेल्या बोलण्यात ते दुभाषे होते.

सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं. जन्म सोलापूरचा, १९१० सालचा. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. जाताना त्यांचं वय २७. चिनी भाषेचा गंध नाही. जखमी सैनिक समोर, शेजारी चिनी परिचारिका, हातात शस्त्रक्रियेची सुरी. गरजेपोटी आणि मायेपोटी ते ती भाषा शिकले, बोलले, लिहिले, त्याच भाषेत त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलं. १९४१ मध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव यिन्हुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी डॉक्टर गेले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही पुरता नव्हता.

कोटणीसांची ही गोष्ट मी जावयाला सांगितली ती एका कारणासाठी. लहानपण हातचं गेलं की भाषेचं दार कायमचं बंद होतं, ही भीती खरी नाही. बापट, परांजपे, कोटणीस हे तिघंही मोठेपणीच शिकले. म्हणून साडेचार वर्षांच्या पोरीमागं गाडी सुटत असल्यासारखं धावायचं कारण नाही.

मग लहानपणाचा काहीच फायदा नाही का? आहे. पण तो कानाचा आहे.

मँडरिनमध्ये एकच शब्द चार सुरांत म्हटला तर चार अर्थ होतात. 'मा' सरळ उंच सुरात म्हटलं तर आई. प्रश्न विचारल्यासारखा सूर वर नेला तर तागासारखं एक झाड. सूर खाली नेऊन पुन्हा वर आणला तर घोडा. आणि दरडावल्यासारखा झटकन खाली टाकला तर रागावणं. मोठ्या माणसाला हे पाठ करावं लागतं. लहान मुलाला तो खेळ वाटतो, कारण त्याचं निम्मं बोलणं गाणंच असतं.

त्यात मराठी मुलाची एक सोय आहे. क आणि ख, प आणि फ यांतला श्वासाचा फरक त्याच्या कानात पक्का बसलेला असतो. चिनी भाषेत हाच फरक महत्त्वाचा. इंग्रजी बोलणारा तिथं अडखळतो. 'चाक', 'चूल' यांतला च आणि 'चार', 'चित्र' यांतला च आपण वेगळे म्हणतो. पहिल्या च च्या अगदी जवळचा उच्चार चिनीत आहे. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत माओ त्से तुंग असं छापायचे, ते यासाठीच. बीजिंग म्हणण्यापेक्षा पेइचिंग म्हटलं तर चिनी माणसाला अधिक ओळखीचं वाटेल. म्हणजे आपल्या मुलाला घरची भाषा नीट येऊ दिली, तर तीच पुढच्या भाषेची तयारी असते. घरची भाषा बाजूला सारून नवी भाषा आणली, तर हातची पायरी काढून घेतल्यासारखं होतं.

कानाविषयीचा एक प्रयोग मला इथं सांगायचा आहे. अमेरिकेत सिअॅटल इथं पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी तो केला आणि २००३ साली प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची इंग्रजीभाषक घरातली बाळं घेतली. काही बाळांबरोबर मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकातली चित्रं दाखवत बोलली. अशा बाराच बैठका झाल्या. नंतर तपासलं, तर चिनीतले दोन सारखे वाटणारे उच्चार ही बाळं तैवानमधल्या बाळांइतकेच वेगळे ओळखू लागली होती. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. काहींना नुसतं ध्वनिफितीवर ऐकवलं. त्यांच्यात फरक पडला नाही.

मित्रहो, हे मी तुम्हाला रेडिओवरून सांगतो आहे, याची गंमत माझ्या लक्षात आहे. रेडिओनं मला आयुष्यात पुष्कळ दिलं. पण बाळाला भाषा द्यायला रेडिओ पुरत नाही, टीव्ही पुरत नाही. तिथं माणूस लागतो. मूल बघतं, हसतं, बोट दाखवतं, आणि समोरचा माणूस त्या बोटाकडं बघून बोलतो, तेव्हा भाषा आत जाते. नऊ महिन्यांचं बाळ आणि साडेचार वर्षांची मुलगी यांत फरक आहे, हे कबूल. पडद्यावरचा माणूस मुलाच्या बोलण्याला उत्तर देत असेल, तर तोही थोडा उपयोगी पडतो. पण ज्या पडद्यावर वीस मुलांचे माईक बंद आहेत, तिथं मूल काय करणार? गप्पच बसणार.

हे शहाणपण आपल्याकडं नवं नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला आल्या. तिथं अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. समोर वारली मुलं. त्या मुलांची घरची बोली वारली. पुस्तकातली मराठी त्यांना परकीच. आमच्या नातीला मँडरिन जितकी परकी, तितकी नसेल कदाचित, पण पाटीवरचा शब्द घरात कुणी बोलत नाही, हा अनुभव तोच.

या दोघींनी काय केलं? मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शिंपले, बिया, पानं, खडे गोळा केले. गाणी, गोष्टी, नाच आधी आले. अक्षर त्यांच्या मागून आलं. १९७५ साली केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज देशभर हा शब्द चालतो. पण त्यातला 'अंगण' आपण विसरत चाललो आहोत. अंगण म्हणजे घराला लागून असलेली, मुलाच्या ओळखीची जागा. नवी गोष्ट तिथं येऊन भेटली पाहिजे.

ओझ्याचा विचारही आपल्याकडं होऊन गेला आहे, आणि त्याचा धागा आमच्या खोडदच्या दुर्बिणीपर्यंत येतो. आर. के. नारायण राज्यसभेवर होते. १९८९ मध्ये तिथल्या भाषणात त्यांनी मुलांच्या पाठीवरच्या दप्तरांचा विषय काढला. पुढं १९९२ मध्ये सरकारनं समिती नेमली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. अध्यक्ष होते प्रा. यशपाल. हे यशपाल मूळचे विश्वकिरणांचे अभ्यासक, आणि त्यांच्या संशोधनाची बरीच वर्षं गेली ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. आमची दुर्बीण त्याच संस्थेची. त्या अहवालाचा गाभा असा, की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं मोठं असतं. मूल जे समजून घेतं त्याचं वजन होत नाही. न समजता जे वाहून नेतं, ते जड होतं.

तरी आपला मोह सुटत नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला. त्यावरून केवढा वाद झाला, ते आपण पाहिलं. जूनअखेर तो मागं घेण्यात आला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. त्या वादातली राजकारणाची बाजू सोडून देऊ. पण सहा वर्षांच्या मुलावर एकाच वेळी किती भाषांची अक्षरं घालायची, हा प्रश्न राजकारण सोडूनही उरतोच. आणि इकडं आपण घराघरांत, कुणाचाही शासन निर्णय नसताना, चार वर्षांच्या मुलाला चौथी भाषा लावतो.

खुद्द चीनमध्ये काय चालतं? तिथल्या शिक्षण मंत्रालयानं २०१८ मध्ये बालवाड्यांना सूचना काढली, की प्राथमिक शाळेचा अभ्यास बालवाडीत आणू नका. अक्षरओळख नको, रोमन लिपीतून चिनी लिहिण्याची पिनयिन पद्धत नको, गणितं नकोत. चिनी मूल प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत सुमारे ३००० चिन्हं ओळखायला शिकतं, पण त्याची सुरुवात शाळेत गेल्यावर. तोवर ते ऐकतं आणि बोलतं. जे चीनमधल्या चार वर्षांच्या मुलाला करायला लावत नाहीत, ते पुण्यातली आमची नात दर शनिवारी करत होती.

आता थोडं माझं सांगतो, कारण माझा विश्वास पुस्तकांपेक्षा त्यावर बसलेला आहे. आमच्या घरात दखनी बोलायचे. पाचव्या वर्षी मी मशिदीच्या मकतबात जायला लागलो, तिथं अरबी. सहाव्या वर्षी जीवन शिक्षण मंदिरात, तिथं मराठी. तीन भाषा, दोन लिप्या. एक उजवीकडून, एक डावीकडून. कुणी म्हणेल, केवढा भार. पण मकतबात आधी नुसतं ऐकून म्हणायचं होतं, हाफिजजींच्या मांडीला मांडी लावून. घरी दादी होती. ती दळताना दखनीतही गायची आणि मराठी ओव्याही म्हणायची. पुढं वाचनात आलं, की सतराव्या-अठराव्या शतकात विजापूरकडच्या सूफींनी दखनीत चक्कीनामे लिहिले होते, जात्यावर म्हणायची गाणी. धर्माच्या अवघड गोष्टी त्यांनी दळणाच्या लयीत घातल्या. बायका दळत म्हणायच्या, मांडीवरची पोरं ऐकायची. दादीला हा इतिहास ठाऊक नव्हता. पण ती त्याच परंपरेतली होती.

बोजा झाला तो भाषेनं नाही. पहिलीत एक दिवस मी 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणालो. गुरुजींनी ते सगळ्या वर्गाला पुन्हा म्हणून दाखवलं. वर्ग हसला. त्यानंतर शाळेत तर मी बोलेनासा झालोच, पण घरीही बोलेना. दादीच्या ते आधी लक्षात आलं. वर्ष असंच गेलं. दुसरीच्या बाईंनी मला एक दिवस विचारलं, "तुझी आजी जात्यावर काय म्हणते रे? आम्हाला ऐकव." मी गायलो. कुणी हसलं नाही. पुढं मराठीत कविता लिहायला लागलो त्याची सुरुवात कुठं झाली, असं कुणी विचारलं तर मी तो दिवस सांगतो.

म्हणून नातीच्या बाबतीत मी एकच खूण धरली. नवी भाषा ऐकताना मूल पुष्कळ दिवस गप्प राहतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ते साठवत असतं. दोन भाषांची खिचडी करतं, तेही बिघडल्याचं लक्षण नव्हे. पण मूल जर आपल्या घरच्या भाषेत गप्प झालं, प्रश्न विचारेनासं झालं, गोष्ट मागेनासं झालं, तर तो इशारा समजावा. तिथं थांबायचं. नवी भाषा थोडे दिवस थांबली तर काही बिघडत नाही.

दिवाळीनंतर लेकीनं आणि जावयानं तो क्लास बंद केला. मी जावयाला आडवा गेलो नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पोरीला मोठं जग मिळावं, असं बापाला वाटणारच. दीड महिना काहीच केलं नाही. मग त्यांच्या सोसायटीत राहणारी, चिनी शिकलेली एक मुलगी रविवारी सकाळी अर्धा तास घरी येऊ लागली. तिला आम्ही इतकंच सांगितलं : पाटी-पेन्सिल नको, परीक्षा नको, "हिला काय काय येतं ते पाहुण्यांना दाखव" असं नको. भातुकली मांडायची, गाणं म्हणायचं, जे हातात आहे त्याचं नाव घ्यायचं. पोरीनं उत्तर मराठीत दिलं तरी चालेल. एक गाणं महिनाभर पुरलं तरी चालेल. ती कंटाळली तर दहा मिनिटांत उठायचं. आणि जावयानंही खाली सतरंजीवर बसून शिकायचं. बाप चुकतो, पोरगी हसते. हसणं या बाजूनं आलं की त्याची जखम होत नाही.

घरी तिच्याशी दखनीतच बोलायचं, ही अट मी घातली. रात्रीची गोष्ट आजीचीच.

२८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाला, खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. गावोगावच्या शाळांची मुलं येतात, जत्राच असते. नात आली होती. गर्दीतून तिला खांद्यावर घेतलं. ती म्हणाली, "नाना, ही सगळ्यांचं ऐकते का?" मी म्हटलं, "हो, पण ती स्वतः गप्प असते, आणि आपण गोंगाट केला तर तिला ऐकू येत नाही." मग पक्ष्यांच्या घरट्याचं विचारून झालं, पावसाच्या पाण्याचंही झालं.

घरी आल्यावर तिनं भातुकलीतली कपबशी माझ्यापुढं धरली. "नाना, छा." मी म्हटलं, "चहा का? आण." तिनं मान हलवली. "चहा नाही. छाऽ," आणि प्रश्न विचारल्यासारखा सूर वर नेला. मी दोनदा म्हणून पाहिलं. दोन्हीदा तिला पटलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, "असू दे नाना, तुम्ही हळूहळू शिका."